मारल्यानंतरचं काम

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर केला आणि मी हातातलं सगळं सोडून लाईव्ह बघत बसले. हेलिकॉप्टरं उतरत होती, संसदेच्या गेटवर पोलीस आडवे उभे होते, सैनिक काचा फोडून आत शिरत होते. पण माझं लक्ष सारखं गेटबाहेरच्या लोकांकडे जात होतं. तरुण मुलं होतीच, पण पन्नाशी-साठीतले बायका-पुरुषसुद्धा कितीतरी, डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री घरातून उठून आलेले, आणि कुणाच्या चेहऱ्यावर घरी परत जावं असं काही दिसत नव्हतं. आत १९० खासदार कसेबसे पोचले, त्यांनी ठराव केला आणि साधारण सहा तासांत मार्शल लॉ मागे घ्यावा लागला. कोणी मेलं नाही.

ही माणसं कशाच्या भरवशावर बाहेर पडली असतील हे काही डोक्यातून जाईना. जे साठीला आलेत ते १९८७ साली कॉलेजात असणार, आणि त्यांचे आईवडील १९६० साली. म्हणून मग मी मागे मागे वाचत गेले. वाचताना एक गोष्ट सारखी समोर यायला लागली. पोलिसांनी माणूस मारला की आपल्याला वाटतं झालं, गोष्ट संपली, पण सरकारचं मोठं काम तिथून पुढे सुरू होतं. मृतदेह कुठे न्यायचा, कागदावर कारण काय लिहायचं, पोस्टमॉर्टम करायचं की टाळायचं, आईबापाला काय सांगायचं, पेपरवाल्यांना काय द्यायचं. गोळी झाडायला एक माणूस पुरतो. तो मृत्यू दाबून टाकायला मात्र डॉक्टर लागतो, सरकारी वकील लागतो, जेलचा शिपाई लागतो, संपादक लागतो, आणि या सगळ्यांनी मुकाट्याने मान हलवावी लागते. कोरियात दोनदा हुकूमशाही उखडली गेली आणि दोन्ही वेळेला सरकारचं गणित चुकलं ते या कामात.

पहिली गोष्ट मासानची. दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. १५ मार्च १९६० ला निवडणूक होती. सिंगमन री १९४८ पासून सत्तेत होते, वय ८४. त्यांच्या विरोधातले उमेदवार चो ब्योंग-ओक महिनाभर आधीच अमेरिकेत उपचार घेताना वारले होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाला लढत अशी उरलीच नव्हती. तरी सरकारला धास्ती होती उपराष्ट्राध्यक्षपदाची, कारण म्हातारा गेला तर खुर्ची तिकडे जाणार, आणि आपला माणूस ली गी-बुंग काहीही करून निवडून यायलाच हवा. मग मतपेट्यांमध्ये आधीच मतं भरून ठेवली, मतदारांना तिघातिघांच्या गटात उभं करून मतपत्रिका एकमेकांना दाखवायला लावल्या. मासानचे लोक त्याच दिवशी रस्त्यावर आले, अंधार पडल्यावर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. आणि मग ते नंतरचं काम सुरू झालं. मेलेल्या पोरांच्या खिशांत कम्युनिस्टांची पत्रकं कोंबण्यात आली, म्हणजे सकाळी सांगता यावं की हे देशद्रोहीच होते.

त्या रात्री किम जू-युल नावाचा मुलगा बेपत्ता झाला. हा मासानचा नव्हताच, नामवोनहून हायस्कूलच्या अ‍ॅडमिशनसाठी आलेला. वय सोळा-सतरा. त्याची आई त्याला शोधत शहरभर फिरली, हॉस्पिटलं, पोलीस ठाणी, भेटेल त्याला विचारत. ती रोज रस्त्यावर दिसत राहिली, आणि मासानमधल्या प्रत्येकाला माहीत झालं की एक बाई मुलाला शोधतेय आणि पोलीस म्हणतायत आम्हाला काही ठाऊक नाही. मुलगा सापडेपर्यंत जवळजवळ चार आठवडे गेले. ११ एप्रिलला बंदरातल्या पाण्यात मृतदेह वर आला. उजव्या डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं घुसलेलं, तसंच.

पोलिसांनीच त्याला दगड बांधून समुद्रात सोडलं होतं. ज्या अधिकाऱ्याने हे केलं तो जपानी राजवटीत त्यांच्या लष्करी पोलिसांच्या हाताखाली काम केलेला माणूस, म्हणजे आपल्याच लोकांना कसं गप्प करायचं याचं शिक्षण जुनंच होतं. (राज्य बदललं, झेंडा बदलला, पण ठाण्यातली माणसं तीच राहिली. हे किती देशांत झालंय याचा विचार केला की पोटात गोळा येतो.) पण समुद्राने ऐकलं नाही. बुसानच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने फोटो काढला, तो छापून आला, मासान पेटलं. लोकांनी हॉस्पिटलला वेढा घातला, तर पोलिसांनी मृतदेह रात्रीतून गावी नेऊन पुरून टाकला. मेलेल्या पोराची एवढी भीती! राष्ट्राध्यक्षांनी यामागे कम्युनिस्टांचा हात असल्याचं निवेदन काढलं, पण तोवर त्या फोटोपुढे कुठलंच निवेदन टिकणार नव्हतं.

१९ एप्रिलला सोलमध्ये विद्यार्थ्यांचा लोंढा राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे निघाला आणि पोलिसांनी थेट छातीवर गोळ्या घातल्या. एका दिवसात एकट्या सोलमध्ये शंभराच्या वर माणसं गेली, एकूण आंदोलनात १८६ च्या आसपास. त्या दिवशी मोर्च्याला निघालेल्या एका शाळकरी मुलीने आईसाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, आई घरी भेटली नाही म्हणून. मी मोर्च्याला गेले म्हणून रागावू नकोस, आम्ही नाही गेलो तर कोण जाणार, अशा अर्थाचं. ती परत आली नाही. मी ती चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं काही वाचवलं नाही त्या दिवशी, लॅपटॉप बंदच केला. आणि मग त्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचा फोटो, त्यांच्याच शाळेतला एक मुलगा गोळीने मेला होता, तर ही एवढीएवढी पोरं बॅनर धरून रस्त्यावर चालतायत, आमच्या आईबाप-भावंडांवर बंदुका रोखू नका असं लिहिलेलं. २५ एप्रिलला प्राध्यापक बाहेर पडले आणि २६ ला सिंगमन री यांनी राजीनामा दिला.

इथे थांबलं तर गोड वाटतं, पण साधारण वर्षभरात, १६ मे १९६१ ला, पार्क चुंग-ही यांनी लष्करी बंड करून सत्ता घेतली. निवडणुकीत घोटाळा करणारा गृहमंत्री आणि गोळीबाराला जबाबदार धरलेला राष्ट्राध्यक्षांचा सुरक्षाप्रमुख, दोघांनाही डिसेंबर १९६१ मध्ये फाशी झाली. म्हणजे त्या पोरांना मिळालेला न्याय दिला कोणी, तर पुढच्या हुकूमशहाने. मला याचं समाधान वाटत नाही. त्यांच्या नावाने दोरखंड आवळणाऱ्यांनी ते ज्यासाठी मेले तेच मोडून टाकलं होतं, आणि लोकांना पुन्हा सव्वीस वर्षं थांबायला लागलं.

मधे १९८० चं ग्वांगजू आहे, त्या शहरात रस्त्यावर उतरलेल्या लोकांचं हत्याकांड. ते मुख्यतः लष्कराने केलं, पॅराट्रूपर्सनी, त्यावर वेगळं लिहायला हवं आणि इथे घाईघाईत उरकणं बरं नाही. पण एका पोलिसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आन ब्योंग-हा, त्या प्रांताचे पोलीसप्रमुख. वरून दबाव होता, पोलिसांच्या हाती बंदुका द्या आणि लोकांना आवरा. त्यांनी दिल्या नाहीत. नागरिकांवर गोळी चालवायची नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. त्यांना पदावरून काढलं, लष्करी गुप्तचरांनी उचलून नेलं, छळ केला, आणि १९८८ मध्ये ते वारले, तब्येत त्या छळानंतर कधी सावरलीच नाही. पोलीस खात्याने त्यांना हिरो म्हणून मान दिला २०१७ मध्ये. पोलीस काय करणार बिचारे, ऑर्डर असते, असं जेव्हा जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला हा माणूस आठवतो. ऑर्डर त्यालाही होती.

आता १९८७. सत्तेत चुन डू-ह्वान, ग्वांगजूच्या रक्तावर बसलेले. १४ जानेवारीला सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकणाऱ्या पार्क जोंग-चोलला पोलिसांनी उचललं. त्याच्यावर मोठा आरोप वगैरे काही नव्हता, त्यांना हवा होता त्याचा एक सिनियर, आणि तो कुठे लपलाय हे जोंग-चोलला माहीत असेल एवढंच. त्याला नेलं नामयोंग-दोंगच्या इमारतीत, कम्युनिस्टविरोधी विभागाच्या चौकशी केंद्रात.

या इमारतीबद्दल थोडं सांगते. काळपट विटांची, १९७६ सालची, बाहेरून कुठलंही सरकारी ऑफिस वाटावं अशी. पाचव्या मजल्याच्या खिडक्या मात्र उभ्या चिरेसारख्या अरुंद, डोकं बाहेर निघणार नाही आणि कोणी उडी मारू शकणार नाही अशा. मागच्या दाराने आत गेलं की एक गोल लोखंडी जिना, मधल्या कुठल्याही मजल्यावर न थांबता थेट पाचव्यापर्यंत जाणारा. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला गरगर फिरवत वर नेलं की आपण कितव्या मजल्यावर आहोत हे त्याला कळू नये. वर दोन्ही बाजूंना खोल्या, पण दारं समोरासमोर नाहीत, एकाचं दार उघडलं तर दुसऱ्यातलं दिसणार नाही. खोलीत टेबल, पलंग आणि बाथटब. हे सगळं किम सू-गुन यांचं डिझाईन, देशातले सगळ्यात नावाजलेले आर्किटेक्ट, सोलचं ऑलिंपिक स्टेडियम त्यांचंच. मला त्या जिन्याच्या ड्रॉइंगचा विचार सोडवत नाही. कुणीतरी पायऱ्यांची उंची काढली असेल, वळणाचा व्यास काढला असेल, सुबक रेघा मारून खाली सही केली असेल.

५०९ नंबरच्या खोलीत त्या बाथटबच्या पाण्यात जोंग-चोलचं डोकं पुन्हा पुन्हा बुडवलं आणि तो मेला. काठावर मान दाबली जाऊन गुदमरला. दुपारपूर्वीच जवळच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधून डॉक्टर ओ योन-सांग यांना बोलावलं. त्यांनी बघितलं, जमीन ओली, मुलगा ओला, पोट फुगलेलं. पोलिसांना पाहिजे होतं की मुलगा हॉस्पिटलमध्ये गेल्यावर वारला असं दिसावं, पण तो आधीच गेलेला होता. त्याच संध्याकाळी पोलीस सरकारी वकिलांच्या ऑफिसात कागद घेऊन गेले. आज रात्रीच दहन करायचंय, सही करा. तिथे चोई ह्वान बसलेले होते. तेव्हा तिकडे पोलिसांच्या तपासावर सरकारी वकिलांचा अंकुश असायचा, त्यामुळे या सहीशिवाय अडलं. विशीतला धडधाकट मुलगा चौकशीत मेला आणि आईबापांची एवढी घाई? चोईंनी सही केली नाही. मृतदेह जपून ठेवा आणि पोस्टमॉर्टम करा, असा हुकूम दिला. वरून दबाव आला, तरी हलले नाहीत.

माझा अख्खा लेख खरं तर याच संध्याकाळबद्दल आहे. ती सही झाली असती तर राख उरली असती फक्त, आणि राखेला काय विचारणार.

दुसऱ्या दिवशी शिन सोंग-हो नावाच्या रिपोर्टरच्या कानावर सरकारी वकिलांच्या ऑफिसातच सहज एक वाक्य पडलं, की पोलीस मोठ्या भानगडीत सापडलेत, आणि तेवढ्या धाग्यावरून त्याने संध्याकाळच्या आवृत्तीत छोटीशी बातमी लावली. मग पोलीसप्रमुख कांग मिन-चांग यांनी खुलासा केला, की चौकशी करणाऱ्याने टेबलावर हात आपटला आणि मुलगा ओरडून मेला. हे खरोखर एका देशाच्या पोलीसप्रमुखाने पत्रकारांना सांगितलं. इकडे डॉक्टर ओ रिपोर्टर्सशी बोलताना पाण्याचा उल्लेख करत राहिले. पोस्टमॉर्टम करणारे ह्वांग जॉक-जुन यांच्यावर हृदय बंद पडलं असं लिहायचा दबाव होता, पैसे पुढे केले गेले, त्यांनी लिहिलं नाही. ते रोज डायरी लिहायचे, आणि ती वर्षभराने बाहेर आली तेव्हा त्याच पोलीसप्रमुखांना अटक झाली.

१६ जानेवारीला मुलाची राख वडिलांनी इमजिन नदीत सोडली. वडील बुसानच्या पाणीपुरवठा खात्यातले साधे नोकरदार. नदीच्या थंड पाण्याकडे बघून ते जे बोलले ते कोरियात आजही लोकांना पाठ आहे, "जोंग-चोल, नीट जा रे. बापाकडे बोलायला काही नाही." मला विशीतला मुलगा आहे. यावर मला आणखी काही लिहिता येणार नाही.

सरकारने दोन पोलिसांना अटक करून फाईल बंद केल्यासारखं केलं. खरे गुन्हेगार जास्त होते. ते दोघे ज्या तुरुंगात होते तिथेच ली बू-यंग नावाचे राजकीय कैदी होते, माजी पत्रकार, त्यांना आतल्या आत कळलं की उरलेल्यांना वाचवायला या दोघांना गप्प बसवलंय. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि जेलच्या पहारेकऱ्याने ते बाहेर पोचवलं. पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं हे सांगायला नको. १८ मे ला, ग्वांगजूच्या सातव्या स्मृतिदिनी, सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये फादर किम सुंग-हुन यांनी प्रार्थनेनंतर सगळं वाचून दाखवलं. महिन्याभरात देश रस्त्यावर.

आणि मग ९ जून. दुसऱ्या दिवशी देशभर मोठा मोर्चा ठरलेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी योनसेई युनिव्हर्सिटीच्या मेन गेटवर विद्यार्थी जमले होते. ली हान-योल, बिझनेस मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला, वय २०, ग्वांगजूकडचा. अश्रुधुराचं नळकांडं वर आकाशाच्या दिशेने तिरपं झाडायचं असतं, म्हणजे ते कमानीत जाऊन खाली पडतं. त्या दिवशी ते सरळ माणसांवर झाडलं. एक हान-योलच्या डोक्याला मागून लागलं. मित्राने त्याला काखेत धरून उचललंय, नाकातोंडातून रक्त, पाय गळालेले, असा रॉयटर्सच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो जगभर गेला. शुद्ध हरपण्याआधी तो म्हणाला म्हणतात, उद्या सिटी हॉलला जायचंय. सत्तावीस वर्षांपूर्वीही नळकांडंच होतं आणि तेव्हाही सरकारला वाटलं होतं की याने फक्त डोळ्यांतून पाणी येतं.

पण आता लोकांना नंतरचं काम माहीत झालेलं होतं. हॉस्पिटलमध्ये तो बेशुद्ध पडून होता त्या दिवसांत विद्यार्थ्यांनी दारांवर पाळ्या लावून पहारा दिला, रात्रंदिवस, पोलिसांनी त्याला किंवा त्याचा मृतदेह पळवून नेऊ नये म्हणून. १९६० मध्ये मासानहून रात्रीतून नेलं होतं, १९८७ मध्ये नेऊ दिलं नाही. बाहेर रस्त्यांवर लाखो लोक, टायवाले ऑफिसातले लोक खिडक्यांतून टिश्यू पेपर फेकतायत, आणि २९ जूनला सत्ताधारी पक्षाचे रोह ते-वू यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य केली. हान-योल ५ जुलैला गेला. ९ जुलैच्या अंत्ययात्रेआधी मून इक-ह्वान, आदल्याच दिवशी जेलमधून सुटलेले वयस्क पाद्री, माईकसमोर उभे राहिले आणि भाषण न करता आंदोलनांत मेलेल्यांची नावं एकेक करून घशाच्या शिरा ताणून हाका मारल्यासारखी घेतली. त्याची रेकॉर्डिंग आहे. भाषा समजायची गरज पडत नाही.

हान-योलचा उजव्या पायातला एक बूट उरला. अनेक वर्षांत तळ झिजून, भुगा होऊन शंभरेक तुकड्यांत पडला होता, २०१५ मध्ये एका तज्ज्ञाने महिनोन्‌महिने बसून तो तुकड्या-तुकड्यांनी जोडला. आता काचेत आहे. साधा बूट, कुठल्याही पोराचा असतो तसा. मला त्या जोडणाऱ्या माणसाचं काम फार मोठं वाटतं.

१९८७ च्या डिसेंबरच्या निवडणुकीत विरोधी बाजूचे किम यंग-साम आणि किम दे-जुंग दोघेही उभे राहिले, मतं फुटली आणि निवडून आले रोह ते-वू, म्हणजे चुन यांचाच माणूस. मेलेल्या पोरांच्या आईबापांना ते कसं वाटलं असेल. पण ते आईबाप घरी बसले नाहीत. जोंग-चोलचे वडील आणि हान-योलची आई, बे उन-शिम, दोघंही अशाच घरांच्या संघटनेत उभं आयुष्य राबले. बे उन-शिम आधी एक साधी गृहिणी होत्या, राजकारणाशी काही देणंघेणं नसलेल्या. १९९८ च्या नोव्हेंबरात या म्हाताऱ्या आया आणि बाप संसदेसमोर तंबू टाकून बसले, ४२२ दिवस, दोन हिवाळे. त्यातून १९९९ च्या अखेरीस दोन कायदे आले, लोकशाहीसाठी सोसलेल्यांचा मान परत करण्याचा आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करण्याचा. म्हणजे ज्या कागदावर हृदय बंद पडलं किंवा आत्महत्या केली असं लिहून फाईल बांधली होती, ती पुन्हा उघडायचा हक्क. हा हक्क फुकट मिळत नाही हे लोकांना पटकन कळत नाही. सरकार बदललं की आपोआप सगळं उघड होईल असं वाटतं, होत नाही, कारण कागद लिहिणारे बढती घेऊन त्याच खुर्च्यांवर बसलेले असतात.

जोंग-चोलचे वडील २०१८ च्या जुलैत गेले. त्याआधी मार्चमध्ये देशाचे मुख्य सरकारी वकील त्यांना भेटायला आले आणि खात्याच्या वतीने माफी मागितली. घटनेला एकतीस वर्षं झाली होती. बिछान्यावरच्या म्हाताऱ्या माणसाकडून माफीचं उत्तर काय मागायचं.

बे उन-शिम शेवटपर्यंत आणखी एका कायद्यासाठी उभ्या होत्या. देशासाठी लढलेल्या सैनिकांना जसा कायद्याने दर्जा असतो तसाच लोकशाहीच्या आंदोलनात मेलेल्यांना मिळावा, त्यांचा मुलगा आणि जोंग-चोल हे कागदावरही तसे नोंदले जावेत, एवढीच मागणी. ऐंशी ओलांडलेल्या असताना, २०२१ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा संसदेसमोर बोर्ड धरून उभ्या राहिल्या. ९ जानेवारी २०२२ ला त्या वारल्या, तेव्हाही तो कायदा मंजूर झालेला नव्हता.